पट्टीवरचे अठ्ठावीस पौंड

बाबा गेले तेव्हा त्यांच्या मशीनवर एक रॅकेट अर्धी विणलेली होती. उभ्या बावीस तारा ओढून झाल्या होत्या, आडव्या सात. आठवी निम्म्यापर्यंत गेली होती आणि तिचं टोक बाहेर लोंबत होतं.

बॅडमिंटन हॉलच्या जिन्याखाली त्यांची खोली. छत तिरकं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला मान वाकडी करूनच बोलावं लागायचं. त्या खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं रॅकेटींचं गटिंग केलं, म्हणजे चौकटीत तारा भरून जाळी विणली. हॉलमध्ये सगळे त्यांना गटिंगवाले काका म्हणत. त्या मंगळवारी सकाळी अकराला हॉल झाडणाऱ्या मावशी त्यांना चहा द्यायला गेल्या, तेव्हा ते स्टुलावर बसूनच मशीनला कपाळ टेकवून होते. मावशींना वाटलं, डोळा जवळ नेऊन गाठ बघताहेत. तशी त्यांची सवयच होती. त्या चहा ठेवून गेल्या आणि अर्ध्या तासाने कप न्यायला आल्या. चहावर साय धरली होती. त्या अर्ध्या तासाबद्दल मावशी मला तीनदा बोलल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तेवढ्याने काहीच फरक पडला नसता. मावशींना ते पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही काही पटलेलं नव्हतं. आदल्या रविवारी फोनवर ते मला नळाचा वायसर बदलल्याचं सांगत होते.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. सर म्हणजे हॉलचे प्रशिक्षक. एके काळी मीही त्यांच्या हाताखाली खेळले. आधी ते बाबांबद्दल बोलले, मग थोडे अडखळले. मशीनवरची रॅकेट त्यांच्या एका मुलीची होती. तिची दुसरी रॅकेट चौकटीतच तडकली होती, आणि शनिवारी राज्याच्या संघासाठी निवडीचे सामने होते. त्या अर्ध्या रॅकेटला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती.

"तुला येतं ना अजून?" सरांनी विचारलं.

येत होतं. दहाव्या वर्षापासून मी बाबांच्या शेजारी बसून विणत होते. पण त्या खोलीत अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. त्याचं कारण सरांना माहीत होतं, हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

मी खेळायचे तेव्हा माझ्या फटक्याचा आवाज प्रसिद्ध होता. सर कोर्टाकडे पाठ करून उभे राहत आणि नुसत्या आवाजावरून कोण मारतंय, कसं मारतंय ते सांगत. आवाज नाही तर मार नाही, असं त्यांचं मत. मोठ्या मुलींच्या तुकडीत गेलं की रॅकेटची तार अठ्ठावीस पौंडांवरच ओढलेली हवी, हा त्यांचा नियम. जितका ताण जास्त, तितका आवाज कोरडा आणि टणक. पण तितकीच तार कठीण होते, शटलला ढकलायला मदत करत नाही, आणि ते ढकलण्याचं काम हाताला करावं लागतं. सात वर्षं माझ्या हाताने ते केलं. विसाव्या वर्षी खांदा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की हात कानाच्या वर नेऊन जोर लावणं आता विसरायचं.

त्या दिवशी बाबा दवाखान्यात माझे धुतलेले कपडे घेऊन आले होते. मी त्यांना विचारलं, अठ्ठावीस पौंड तुम्हीच ओढलेत ना? तुम्हाला माहीत होतं ना काय होतं ते?

ते म्हणाले, "हो. मीच ओढले."

बस, एवढंच. मग त्यांनी पिशवीतले कपडे काढून पुन्हा घड्या घातल्या. कपडे आधीच घडी केलेले होते.

त्यानंतर मी दुसऱ्या शहरात गेले. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम धरलं. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं साधन आहे. घरी येत होते, जेवत होते, वीजबिलाबद्दल बोलत होते. भांडण नव्हतंच. भांडण असतं तर मिटलं असतं.

*

गुरुवारी सकाळी मी खोली उघडली. मावशींनी चावी दिली आणि आत न येता दारातच उभ्या राहिल्या.

रॅकेट सहा आधारांमध्ये धरलेली होती म्हणून चौकट वाकली नव्हती. नाहीतर नुसत्या उभ्या तारांचा ताण नऊ दिवस राहिला तर चौकट आखडते, लंबगोलाचा गोल होऊ लागतो. मूठपट्टीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: तोफ, २८.

ती चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून होते. सर मलाही तोफच म्हणत.

नऊ दिवस ताणलेली तार पुढे विणून भागत नाही. ती सैल पडलेली असते, नव्या तारांशी तिचं जमत नाही. सगळं कापून पुन्हा सुरू करावं लागतं. बाबांनी शेवटचं जे विणलं ते कापायचं, हे घरून निघताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कात्री उचलली. मधून सुरुवात करायची, एक उभी, एक आडवी, मग पुन्हा उभी, म्हणजे चौकटीवर एकदम एका बाजूने ओढ येत नाही. हे त्यांनीच शिकवलेलं. प्रत्येक तार तुटताना टक्क आवाज करत होती. बाहेरून मावशी म्हणाल्या, "अगं, काय मोडलं?" मी म्हणाले, काही नाही.

कापलेले तुकडे मी रुमालात बांधले. मग भिंतीवरच्या खिळ्यावरून काटा काढला.

काटा म्हणजे दोन्ही टोकांना आकडे असलेला स्प्रिंगचा छोटा तराजू. आमचं मशीन हाताने फिरवायचं: बटणावर पौंड लावायचे, तार पकडीत धरायची, दांडा फिरवायचा, ठरलेला ताण आला की खटका पडतो आणि दांडा अडतो. पण आतली स्प्रिंग दिवसागणिक थकते. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी तारेच्या मध्ये काटा अडकवून बघायचं, की बटणावर जेवढं लिहिलंय तेवढंच मशीन ओढतंय का. मी शाळेतून यायचे तोवर बाबांचं हे काम झालेलं असायचं. बाकी सगळं त्यांनी मला करू दिलं, विणू दिलं, गाठी मारू दिल्या, पण काटा लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. त्याचं मला कधी नवलही वाटलं नव्हतं.

बटण अठ्ठावीसवर लावलं. दांडा फिरवला. खटका पडला. काट्यावर चोवीस.

मला वाटलं, मी काटा तिरका धरलाय. सरळ केला, पुन्हा ओढलं. चोवीस. तिसऱ्यांदा चोवीस.

पहिल्यांदा जे वाटलं ते लिहिते. मला बाबांची दया आली. म्हातारपणी स्प्रिंग थकली, यांच्या लक्षातच आलं नाही. गावभर ज्यांचा हात वाखाणला जातो त्या माणसाच्या मशीनमध्ये चार पौंडांची खोट. बरं झालं कोणी तपासलं नाही. आणि लगेच वाटलं की तुझ्या वेळी नव्हती थकली, तुझ्या वेळी ती नवी होती.

मग बटण वीसवर लावून बघितलं. काट्यावर वीस. बरोबर वीस. बावीसवर बावीस. पंचवीसवर तेवीस. तिसावर चोवीसच्या किंचित पुढे.

थकलेली स्प्रिंग असं करत नाही. थकली तर ती सगळीकडेच थकते. खालचे आकडे खरे आणि वरचेच खोटे, असं स्प्रिंगला जमत नाही. ते माणसाला जमतं.

मी दिवा ओढून बटणाजवळ आणला. बटणाभोवती कागदाची अरुंद पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर लाल शाईने अठरापासून बत्तीसपर्यंत आकडे, वरून पारदर्शक रोगणाचा हात. अठरा ते बावीस रेघा मोकळ्या, सारख्या अंतरावर. बावीसच्या पुढे दाटी. तीन रेघा मावाव्यात तिथे नऊ कोंबलेल्या. पट्टीच्या कडेखाली धातूवर कोरलेल्या मूळ रेघा बारकाईने बघितलं तर दिसत होत्या. त्या शेवटपर्यंत सारख्याच अंतरावर होत्या. माझ्या अठ्ठावीसच्या खाली मूळचा चोवीस होता.

माझ्या म्हटलं, कारण ते अक्षर माझं होतं.

सत्तावीसमधल्या सातच्या पोटातून आडवी रेघ गेली होती. असा सात मी आयुष्यात एकच वर्ष लिहिला, तेराव्या वर्षी, एका चुलतभावाचं बघून. पुढच्या वर्षी गणिताच्या बाईंनी ती खोड मोडली. आणि मग सगळंच आठवलं, अगदी त्या लाल पेनाचं झाकण चावलेलं होतं इथपर्यंत. बाबा म्हणाले होते, मूळ आकडे पुसट झालेत, तुझं अक्षर छान आहे, दे लिहून. रेघा त्यांनी पेन्सिलीने आधीच मारून ठेवल्या होत्या. मी विचारलं होतं की वर एवढी गर्दी का. ते म्हणाले होते, "वर सगळ्यांनाच जायचं असतं, गर्दी होणारच." मी हसले होते आणि जीभ दातांत धरून, एकही आकडा न गिरवता, सगळी पट्टी एका दमात लिहिली होती.

मूळ आकडे पुसट झालेले नव्हते. पट्टीच्या सांध्याशी एक दिसत होता, स्पष्ट कोरलेला.

त्याच महिन्यात सरांनी मला मोठ्या मुलींच्या तुकडीत घेतलं होतं.

मी स्टुलावर बसले. त्यांच्या स्टुलावर, हे नंतर कळलं. मावशी दारातून काहीतरी बोलत होत्या, बहुधा पाणी हवं का, पण मला शब्द लागत नव्हते. मी फक्त वजाबाकी करत होते. अठ्ठावीस वजा चोवीस. तेरा वर्षांची असल्यापासून विसाव्या वर्षापर्यंत मी एकदाही, एका सामन्यातही, अठ्ठावीस पौंडांनी खेळले नव्हते. माझा खांदा तारेने खाल्लेला नव्हता.

*

चोवीस पौंडांची जाळी अठ्ठावीससारखी वाजत कशी होती, याचंही उत्तर खोलीतच होतं. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली एक रॅकेट होती, बाजारातल्या नव्या विजेच्या मशीनवर गटिंग केलेली. तिची तार आणि बाबांच्या रिळावरची तार मी चिमटीत धरून फिरवली. बाबांची बारीक होती. केसाएवढा फरक, पण बोटांना कळत होता. त्यांच्या एकाही रिळावर लेबल नव्हतं. लेबलं ते आल्याबरोबर सोलून टाकत, आम्हाला वाटे टापटीप म्हणून. बारीक तार कमी ताणावरही वरच्या सुरात बोलते, हे तंबोरा लावणारा कोणीही सांगेल. सर रॅकेट हातात घेऊन टिचकी मारत, कानाशी नेत, आणि म्हणत, वा, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस.

बारीक तार तुटतेही लवकर. त्यावरून हॉलमध्ये थट्टा चालायची की काकांचं गटिंग म्हणजे आवाज वाघाचा आणि आयुष्य डासाचं. तरी मुलं बाजारातून परत त्यांच्याकडेच येत. तिकडचे अठ्ठावीस हाताला लागतात, म्हणत, काकांच्या अठ्ठावीसची मजाच वेगळी.

आणि उरलेला आवाज? तो कुठून येतो हे बाबा मला सतत सांगत होते. शटल शरीराच्या पुढे असताना गाठायचं. मूठ शेवटच्या क्षणापर्यंत सैल, एखादं पाखरू धरल्यासारखी, आणि लागतानाच आवळायची. जाळीच्या मधोमध लागलं पाहिजे. आवाज मुठीत आहे, खांद्यात शोधू नकोस. मी ऐकलं नाही. गटिंगवाल्याने गटिंग करावं, असं मी एकदा त्यांना म्हटलंही होतं. मी शटलच्या खाली उशिरा पोचत होते आणि मागे राहिलेला फटका खांद्याने ओढून आणत होते, दिवसातून तीनशे वेळा. पाठ करून उभ्या असलेल्या सरांना ते दिसत नव्हतं. त्यांना फक्त आवाज येत होता, आणि आवाज चांगला होता.

बाबांना दिसत होतं. जिन्याखालच्या त्या खोलीच्या दारातून दोन नंबरचं कोर्ट समोर दिसतं.

"हो. मीच ओढले." का म्हणाले ते असं?

अकरा वर्षं मी ज्या वाक्यावर उभी होते ते वाक्य खोटं होतं. त्यांनी नुसतं पट्टीकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

पट्टीकडे पुन्हा बघितलं तेव्हा दिसलं की तिचं वरचं टोक, अठ्ठावीस ते बत्तीसचं, एकदा उचकटलेलं होतं. रोगण तिथे फाटलं होतं आणि धातूवर ओरखडा होता. नंतर कोणीतरी ते टोक पुन्हा चिकटवलं होतं, पण गोंदाने नाही. कडेला पिवळट, खडबडीत असं काहीतरी वाळलेलं होतं.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं नाही, फक्त विचारलं, मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवसांत बाबांनी काही चिकटवायला मागितलं होतं का.

तिने हातातली जुडी ठेवून दुसरी घेतली. मला वाटलं आठवत नसेल.

"माझी लहान सुरी नेली होती खोलीवर," ती म्हणाली. "टोक वाकवून आणलं. आणि म्हणाले, मैद्याची खळ करून दे. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, एक गोष्ट उचकटायला घेतली होती, तीस-चाळीस पोरं आठवली, परत चिकटवतो."

"तू विचारलं नाहीस काय ते?"

"विचारलं ना. म्हणाले, मुलगी आपली आहे, ती रागावली तरी आपलीच राहील." तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. "मला वाटलं, हॉलमधल्या कोणत्या तरी फळ्याबद्दल बोलताहेत."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नळ अजिबात गळत नव्हता. वायसर नवा होता.

*

शुक्रवारी सकाळी तोफ रॅकेट न्यायला आली. चौदा वर्षांची, काटकुळी, बोलायला तिखट. दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणे पूर्वीच्या तोफ. मग मी काय, तोफखाना?" मी हसले. नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदाच हसले असेन. मग तिने वरच्या फळीवरचा शटलचा डबा काढायला डावा हात वर केला. उजवा मोकळाच होता.

मी विचारलं, उजव्याने का नाही काढलास? ती म्हणाली, असंच. मी म्हटलं, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, कोणी ऐकत नाही ना म्हणून.

"सरांना सांगू नका हं," ती म्हणाली. "उद्याचं होऊ दे."

हेच शब्द, याच खोलीत, मी बाबांना म्हटलेले होते.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. पट्टी सोलून काढायची आणि सगळ्यांना सांगायचं की हा माणूस अठरा वर्षं खोटे आकडे लिहीत होता, पण माझा खांदा त्याने घालवला नाही. अकरा वर्षं हॉलमध्ये लोक जे मनात धरून होते, आणि जे मीच त्यांच्या मनात घातलं होतं, ते पुसून निघालं असतं. पण मग सरांनी त्याच दुपारी तोफेला बाजारात पाठवून खरे अठ्ठावीस ओढून घेतले असते. उद्या तीन सामने. दुसरा रस्ता म्हणजे गप्प बसायचं.

मी पट्टीवर अठ्ठावीस लावले आणि विणायला बसले. तोफ समोर उकिडवी बसून बघत होती. बावीस उभ्या, एकवीस आडव्या, वर-खाली, वर-खाली, आरीने प्रत्येक आडवी तार सरळ करत. बोटं विसरलेली नव्हती. पाऊण तासाने मी गाठ मारून टोक कापलं. तिने टिचकी मारून कानाशी नेली आणि मान डोलावली, अगदी सरांसारखी.

पण कोर्टवर वाजेना. ती उशिरा पोचत होती, फटका मागे राहत होता, आणि दुखणारा खांदा वाचवायला मूठ आधीपासूनच घट्ट धरत होती. ढप. ढप. दोन नंबरच्या कोर्टाकडे पाठ करून उभे असलेले सर दर फटक्याला मान हलवत होते.

"हे अठ्ठावीस नाहीत," ते वळून म्हणाले. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "तुझा दोष नाही गं. काकांचा हात काकांबरोबर गेला. हिला मी बाजारात घेऊन जातो, तिथे विजेचं मशीन आहे, आकडा पक्का."

मी म्हटलं, सर, दोन मिनिटं द्या. पाठ पुन्हा कोर्टाकडे करा.

मी तोफेच्या हातातून रॅकेट घेतली. अकरा वर्षांनी. ती इतकी हलकी असते हे विसरले होते. तोफेला म्हटलं, छातीएवढ्या उंचीवर हळू टाक. तिला वाटलं मी वेडी झाले आहे. कोपर मी बरगडीला चिकटवून ठेवलं, खांदा उचललाच नाही, उचलता येतच नाही. पहिलं शटल चौकटीला लागून भलतीकडे गेलं. दुसरं नेटमध्ये. तिसऱ्याला मी ते पुढे येण्याची वाट बघितली, मूठ सैल ठेवली, पाखरू धरल्यासारखी, आणि लागतानाच आवळली.

हॉलच्या पत्र्यावर आवाज आदळून परत आला. पलीकडच्या कोर्टवरचा खेळ थांबला.

"शाब्बास, तोफ!" पाठ केलेले सर ओरडले. "हा! हाच आवाज!" आणि वळले.

रॅकेट माझ्या हातात होती. कोपर अजून बरगडीलाच होतं. सरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांची नजर माझ्या हातावरून खांद्यावर गेली, न उचललेल्या खांद्यावर, आणि तिथेच थांबली. पंचवीस वर्षं ज्या आवाजाकडे ते पाठ करून उभे होते, तो त्यांनी पहिल्यांदाच येताना पाहिला असावा. ते बाकावर जाऊन बसले, आणि या वेळी तोंड कोर्टाकडे करून.

मी तोफेची मूठ सैल करून दाखवली, बोट बोट उचलून. शटल पुढे घे म्हटलं, हात वर नेऊ नकोस, आधी इथे, छातीपाशी. वीस-बावीस प्रयत्नांनंतर तिचा एक वाजला. ती स्वतःच दचकली. मग लागोपाठ दोन. तिने जाळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. पोरगी हुशार आहे.

"ताई, खरं सांगा. अठ्ठावीसच आहेत ना?"

सर बाकावरून बघत होते. मावशी केरसुणी धरून उभ्या होत्या.

"हो," मी म्हणाले. "मीच ओढले."

उच्चारायला काहीच लागलं नाही. समोरची मुलगी आनंदाने माझ्याकडे बघत होती, त्यामुळे ते सोपं होतं. दवाखान्यात बाबांसमोर मी होते, आणि मी त्यांच्याकडे कशी बघत होते ते मला माहीत आहे.

तोफ परत कोर्टवर गेली. मी जिन्याखालच्या खोलीत आले, दार लोटलं. काटा टेबलावर तसाच पडला होता. तो उचलून त्याच्या खिळ्याला लावायचा, एवढंच काम उरलं होतं. पण हात वर जाईना, आणि या वेळी ते खांद्यामुळे नव्हतं.